गुडघा वाढला

क्रीडाशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना मी अकरा वर्षं शरीररचना शिकवते आहे, आणि अकरा वर्षांत त्यांच्याबद्दलचं माझं मत फारसं सुधारलेलं नाही. ही मंडळी शरीरावर जगतात आणि शरीराबद्दल त्यांना काही म्हणजे काही माहीत नसतं. मांडीच्या मागचा स्नायू त्यांना ठाऊक असतो, कारण तो दुखतो. जे दुखत नाही ते त्यांच्या लेखी शरीरात नसतंच. यकृत कुठे असतं असं विचारलं की निम्मा वर्ग पाठीला हात लावतो आणि उरलेला निम्मा त्या निम्म्याकडे बघून हात लावतो.

मी स्वतः खेळाडू नाही. शाळेत लंगडीच्या पुढे माझी मजल गेली नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, कायमची नोकरी कुठे मिळाली नाही, आणि तासिका तत्त्वावर म्हणून पनवेलबाहेरच्या या कॉलेजात आले ती इथेच राहिले. ज्यांना बेडूक आणि खेकडा यांतला फरक फक्त चवीने कळतो त्यांना मज्जासंस्था शिकवायची, हे माझ्या नशिबी आलं. माझ्या तुच्छतेत ही चीड पुष्कळ मिसळलेली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सोमवारी आणि गुरुवारी सकाळची हजेरी माझ्याकडे असायची. साडेपाचला मैदानावर. कॉलेजच्या कुंपणापलीकडे न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर रात्रभर रांगेने उभे असत. त्यांचे ड्रायव्हर दात घासत कुंपणाशी येत आणि आमच्या मुलामुलींची कवायत बघत. मी खुर्ची टाकून बसायची आणि ही पूजाअर्चा बघायची. पूजाअर्चाच, दुसरा शब्द नाही. मैदानात पाऊल टाकताना प्रत्येक जण वाकायचा, आखलेल्या फक्कीच्या रेषेला बोट लावायचा आणि ते बोट कपाळाला. पहिल्या तासाला माझ्यासमोर साठ पांढरी कपाळं येऊन बसत आणि दहा मिनिटांत साठच्या साठ बाकावर टेकत.

एकाचा डावा बूट आधी घालायचा नेम. चुकून उजवा आधी गेला तर हा गडी वसतिगृहात परत जाऊन दात घासण्यापासून सगळं पुन्हा सुरू करायचा आणि हजेरीला उशिरा यायचा. मुलांच्या संघाचा कप्तान जिंकलेल्या स्पर्धेतला नीकॅप वर्षभर धुवायचा नाही, कारण धुतला की यश जातं म्हणे. यश कुठे जायचं ते जावो, वास मात्र कुठेही जात नसे, आणि हा पठ्ठ्या नेमका पहिल्या बाकावर बसायचा. नाडी मोजण्याच्या प्रात्यक्षिकाला एकाच्या मनगटावर लाल, काळे, भगवे इतके धागे होते की नाडीच सापडेना. सोड म्हटलं तर म्हणाला, "मॅडम, हे सोडलं तर नाडीच राहणार नाही." मी त्याला शून्य ठोके लिहायला सांगितलं. त्याने लिहिलेही.

खाण्याचं तर विचारू नका. प्रथिनं, प्रथिनं म्हणून जप करायचा आणि सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, चतुर्थीला अंडं बंद. मंगळवारी कडक उपास करायचा. त्याच दिवशी बारा मिनिटांची धाव चाचणी आली की चक्कर येऊन पडायचं. पडलं की देवाने परीक्षा घेतली म्हणायचं. परीक्षा मीही घेत असे. तिथे देव का येत नाही याचा खुलासा कुणी केला नाही.

अभ्यासाच्या बाबतीत त्यांचा एकच मार्ग होता, मागच्या वर्षीचं जर्नल. पहिल्या पानावर मध्यभागी 'श्री', आणि त्याखाली पानामागून पान उतरवलेलं. जर्नलमध्ये गुडघ्याची एक आकृती होती. माझ्या आधीच्या कुठल्यातरी वर्षी कुणीतरी ती काढताना वाटी गुडघ्याच्या मागे काढली होती. पुढच्याने ती तशीच उतरवली, त्याच्या पुढच्यानेही. मी आल्यावर सात वर्षं सगळ्यांच्या वह्यांतल्या वाट्या लाल पेनाने पुढे आणल्या. आठव्या वर्षी एकाने माझी लाल रेघसुद्धा लाल पेनाने जशीच्या तशी उतरवली, मागची वाटी आणि तिच्यावरची फुली दोन्ही. त्या दिवशी मी कपाळाला हात लावला, आणि माझ्या कपाळावर फक्की नव्हती एवढंच समाधान मानलं.

या सगळ्यावर कळस चढवला तो क्रीडा संचालकांनी. सर जुने कबड्डीपटू, आवाज मोठा, आणि नव्या गोष्टींची हौस दांडगी. त्यांनी 'खेळ आणि अध्यात्म' या विषयावर व्याख्यान ठेवलं. वक्ते पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले, गालाला चिकटणारा माइक लावून दीड तास बोलले. श्वास म्हणजे देव, मैदान म्हणजे मंदिर, शब्द म्हणजे बीज. जे बोलाल ते उगवेल. मुलं पाठीचा कणा ताठ ठेवून झोपली होती. ती कला मात्र त्यांना चांगली साधलेली. जागे होते एकटे सर, आणि त्यांच्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर फर्मान निघालं की अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. तुटलं, मोडलं, फाटलं, संपलं, हरलो, शेवटचं, सगळे बाद. एकाने उच्चार केला तर सगळ्या संघाला पन्नास बैठका, आणि निवडीच्या वेळी त्याचं नाव यादीत खाली. मला हे कळलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की चहा सांडला. वर्गात जाऊन मुद्दाम जाहीर केलं, "या चार भिंतींत हाड मोडतं, स्नायू फाटतो, लिगामेंट तुटतो आणि शेवटी माणूस मरतो. ज्याला हे ऐकवत नाही त्याने बाहेर जावं." मागच्या बाकावरच्या मुलींनी पटकन लाकडाला हात लावला. मला फार मजा आली. अडाण्यांच्या घरात दिवा लावल्याचा आनंद म्हणतात तो हाच, असं तेव्हा वाटलं होतं.

त्या मागच्या बाकावर ती बसायची. उरणकडच्या गावातली मुलगी. आजोबा मिठागरात राबलेले. मिठागर गेलं, आता वडील द्रोणागिरीच्या गोदामांतून ट्रेलर हाकतात. कबड्डीत चढाई करायची. लोक म्हणत की फार चांगली करते. मला त्यातलं कळत नसे. मला एवढंच दिसे की ही प्रयोगशाळेत येतानासुद्धा उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावते, जिथे आत फॉर्मलिनच्या बरणीत बेडूक आहे. मी एकदा विचारलंही, "बेडकाच्या पाया पडतेस का?" ती म्हणाली, "नाय मॅडम, सवय हाय." आणि हसली. चिडत नसे, त्याचाही मला राग यायचा.

तिचं काय पणाला लागलं होतं ते सगळ्या कॉलेजला माहीत होतं. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं की आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तिथलं प्रमाणपत्र हातात आलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज. आधीची दोन वर्षं ती राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसली होती. हे तिचं शेवटचं वर्ष. निवड चाचणी आमच्याच मैदानावर व्हायची होती, त्याला तीन आठवडे उरले होते.

त्या गुरुवारी सकाळी हजेरीला ती नव्हती. अकराच्या सुमाराला तिची मैत्रीण स्टाफरूमच्या दारात आली. संघात डावा कोपरा खेळणारी, तिच्याच गावची. ही मागे चौकट धरून उभी.

"मॅडम, हिचा गुडघा वाढलाय."

मी पेपर तपासत होते. वर न बघता म्हटलं, "सुजलाय म्हणावं."

"सुजला पण हाय, मॅडम. पण वाढलाय."

"किती वाढलाय? फूटपट्टी आणू का?"

स्टाफरूममध्ये हशा पिकला. माझ्या बोलण्यावर हशा पिकला की मला चेव येत असे. मी पेन ठेवलं आणि भाषेचा तास घेतला. "हे बघा, मुलगी वाढते, झाड वाढतं, वजन वाढतं. गुडघ्याला सूज येते. पदवीच्या वर्गात बसता, आणि साधं मराठी नीट बोलता येत नाही तुम्हाला."

मैत्रिणीने हिच्याकडे पाहिलं. ही हळू आवाजात म्हणाली, "काल वळताना टक करून आवाज आला, मॅडम. आतनं."

टक करून आतून आवाज. चौथ्या घटकात मी स्वतः फळ्यावर लिहून देते, 'इजेच्या क्षणी रुग्णाला आवाज ऐकू येतो', आणि खाली दोन रेघा मारते. ते वाक्य दर वर्षी परीक्षेत विचारते. पण त्या क्षणी मी 'वाढला' या शब्दाचा समाचार घेण्यात गुंग होते आणि बाकी काही माझ्या कानात शिरलं नाही. म्हटलं, "बर्फ लाव. आठ दिवस उड्या मारू नकोस. आणि सरांना सांग."

"सरांना नको, मॅडम," दोघी एकदम म्हणाल्या. मी खांदे उडवून पेपर पुढे ओढले.

आठ-दहा दिवसांनी वर्गात गुडघ्याचाच घटक आला. मी फळ्यावर आकृती काढली, वाटी पुढे आहे हे तीनदा सांगितलं, आणि आतले ते दोन तिरके बंध दाखवले, एकमेकांना छेद देणारे. पुढचा बंध खेळाडूंच्या बाबतीत कसा तुटतो ते सांगितलं. नेहमीप्रमाणे मागे लाकडावर हात पडले. मग अकरा वर्षांत क्वचित घडणारी गोष्ट घडली. एका विद्यार्थिनीने हात वर करून प्रश्न विचारला. तीच होती.

"मॅडम, हा बंध वाढला तर परत जुलतो का?"

मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "बंध वाढत नाही. हाडाची वाढ अठरा-एकोणीसला थांबते, तुझी थांबलेली आहे. आणि जुळायचा काय प्रश्न? जुळायला तो आधी तुटायला हवा."

"तेच विचारतेय, मॅडम."

"तेच विचारत नाहीयेस. जे विचारायचंय त्याचा शब्द आधी शिक, मग प्रश्न विचार. बस खाली."

ती बसली. वर्गात कुणी हसलं नाही, हे मला तेव्हा जरा विचित्र वाटलं होतं. हे लोक एरवी कशावरही हसतात. मला वाटलं, विनोद डोक्यावरून गेला.

निवडीच्या दोन दिवस आधी सर मंडप, पाहुणे आणि फलक यांच्या मागे होते, म्हणून खेळाडूंचे तंदुरुस्तीचे फॉर्म त्यांनी माझ्याकडे ढकलले. कॉलेजचा आपला साधा फॉर्म. गेल्या महिन्यातली दुखापत, तपासणाऱ्याचा शेरा, सही. मुलं रांगेने येत होती, मी सह्या करत होते. तिची पाळी आली. गुडघ्याची सूज उतरली होती. सरळ चालत आली. मी म्हटलं, "दोन बैठका मार." मारल्या. "दुखतंय?" "नाय, मॅडम." मग मी, अजून त्याच गमतीत, म्हटलं, "वाढलेला गुडघा कमी झाला वाटतं?"

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, जणू मी काहीतरी फार महत्त्वाचं विचारलंय. मग म्हणाली, "तुमी सांगा, मॅडम. खेळू?"

"मग न खेळायला काय झालं? बर्फ लावलास ना?"

"लावला."

मी शेऱ्यात लिहिलं, 'किरकोळ सूज होती, आता तंदुरुस्त', आणि सही केली. तिने फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि गेली. माझ्या सहीलाही नमस्कार होतो हे पाहून मला हसू आलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी सर मला मॅटपाशी घेऊन गेले. फक्कीने काढलेलं स्वस्तिक, अगरबत्त्या, हार. दगडाशेजारी नारळ. "मॅडम, आज मान तुमचा," सर म्हणाले. मला हा प्रकार आवडत नाही, आणि माझ्याने एका फटक्यात नारळ कधी झालेलाही नाही. मी म्हटलं, "छे, मला नाही जमत. तुम्हीच वाढवा."

हो. मीच म्हटलं. साधं, सरळ, कुठल्याही मराठी घरातली बाई म्हणेल तसं. सरांनी नारळ दगडावर आपटला, दोन भकलं झाली, पाणी उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आदल्याच संध्याकाळी झेरॉक्सवाल्याला फोन करून विचारलं होतं, दुकान वाढवलंत की काय. आमच्या घरात आईची काचेची बांगडी फुटली असं कधी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही, ती वाढायची. हा शब्द मी तोंडात घेऊन जन्मभर फिरले, आणि त्या मुलींना मराठी शिकवायला निघाले होते.

पण त्या क्षणीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी खुर्चीवर बसून घेतलं.

तिची तिसरी की चौथी चढाई असेल. मला कळत नाही म्हणाले, तरी त्या दिवशी ती चांगली खेळत होती हे मलाही दिसत होतं. एक गडी टिपला आणि मध्यरेषेकडे परतायला ती डाव्या पायावर गर्रकन वळली. तिला कुणीही स्पर्श केला नव्हता. पाय जागच्या जागी राहिला आणि ती वरून फिरली. खाली कोसळली. तोंडाने मात्र चालूच, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. कोपरावर सरकत मध्यरेषेकडे हात लांबवत होती आणि दम सोडत नव्हती. समोरच्या संघातल्या मुली तिला धरायचं सोडून उभ्या राहिल्या होत्या. हात रेषेपासून वीतभर दूर राहिला आणि दम संपला.

मैत्रीण धावत आत गेली. "वाढल्याल्या गुडघ्यावरच परली गो!" असं काहीतरी ओरडत होती. मी ते ऐकलं, आणि तरीही माझ्या मनात पहिलं आलं ते, पुन्हा तोच शब्द.

सरांच्या गाडीतून आम्ही तिला पनवेलात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर इथलेच, पिकल्या केसांचे. त्यांनी गुडघा हातात धरून पुढे ओढून पाहिला, तेव्हा नडगी टेबलाच्या खणासारखी पुढे सरकली. मी ती चाचणी पुस्तकात वाचली आहे, शिकवली आहे. प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिली. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी काही झालं होतं?"

मैत्रीण म्हणाली, "तीन आठवडे झाले, वाढला होता."

डॉक्टरांनी मान वर केली. "म्हणजे तेव्हाच तुटला होता म्हणा की."

एक सेकंद. त्यांना एक सेकंद लागला. ना फूटपट्टी मागितली, ना व्याकरण काढलं. मी त्यांच्या टेबलाची कड धरून उभी होते. शेवटच्या फेरीला ही मुलं वाढती फेरी म्हणतात, बुटाची नाडी वाढते, बाटली वाढते, हे सगळं मला नंतर कळलं. सरांनी शब्द बंद केले तेव्हा मुलांनी आपल्या आयांच्या तोंडातला शब्द उचलून मैदानावर आणला होता. साठ जणांना माहीत होतं. मैदानावर आठवड्यातून दोनदा खुर्ची टाकून बसणाऱ्या मला माहीत नव्हतं, कारण ते काय बोलतात ते ऐकण्याच्या लायकीचं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मग खेळलीस कशी?" डॉक्टर तिला म्हणाले. "नुसता लिगामेंट होता, तेव्हा थांबली असतीस तर गोष्ट वेगळी. आता आतली गादीपण गेली."

 उत्तर मैत्रिणीने दिलं, आणि ते माझ्यावर आरोप म्हणून नव्हे, तर आपली बाजू खरी आहे हे सांगायला. "मॅडमना माहीत होतं. आमी लगेच सांगितलं त्यांना. त्यांनी तपासलं, सही केली. आमाला वाटलं, वाढलेल्यावर पण खेळता येतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेबलावर आडवी पडलेली तीही बघत होती. मी म्हणू शकले असते की मला कळलं नाही. तेवढं खरं वाक्य बोलायचं धाडस मला झालं नाही. मी म्हटलं, "सूज तर उतरली होती."

पुढच्या आठवड्यात प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'सदर विद्यार्थिनीने गुडघा "वाढला" असे तोंडी सांगितले होते. इजेबाबत स्पष्ट कल्पना दिली नाही.' यात एकही शब्द खोटा नाही. अवतरणचिन्हं तर फार विचार करून घातली. सरांनी वाचलं आणि समजुतीने मान हलवली, "या मुलींना नीट बोलता येत नाही हो. तुमची काय चूक?" अकरा वर्षं मी जे म्हणत आले तेच ते म्हणत होते. माझ्या तोंडून ते खणखणीत वाटायचं. त्यांच्या तोंडून ते ऐकवेना. तरी मी खुलासा परत मागितला नाही. मी मैदानावरच्या त्या सगळ्यांना तुच्छ मानत आले, पण त्या दिवशीइतकं तुच्छ मला कुणीच वाटलं नव्हतं, आणि ते कोण होतं ते सांगायला नको.

विद्यापीठाच्या संघात डाव्या कोपऱ्याला तिची मैत्रीण गेली. चढाईला दुसऱ्या कॉलेजची मुलगी गेली. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण पोलीस भरतीतल्या पळण्याच्या चाचणीला आता तो चालणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सरळ सांगितलं. ती कुबड्या घेऊन वर्गात येऊ लागली, मग एका कुबडीवर, मग नुसती लंगडत. त्याच बाकावर बसायची. मी 'तुटणं', 'फाटणं' हे शब्द टाळून शिकवू लागले आणि त्यामुळे वाक्यं अशी लांबलचक व्हायची की मलाच त्यांचा शेवट सापडत नसे. मुलांना फरक पडला नाही. सगळा वर्ग झोपलेलाच होता.

वर्षअखेरीला तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या शेजारी बसले होते, पुण्याचे, सभ्य गृहस्थ. ती आत आली. दारात थांबली, आणि मी सवयीने तिच्या हाताकडे पाहिलं. तिने उंबऱ्याला हात लावला नाही. पाय ओढत आली आणि खुर्चीवर बसली.

परीक्षकांनी गुडघ्याचा सांगाडा पुढे सरकवला. त्यांना काही माहीत नव्हतं. तिने दोन्ही बंध दाखवले, पुढचा, मागचा, कुठून निघतात, कुठे जुळतात. वाटी पुढे धरली. एकही चूक नाही.

"छान," परीक्षक म्हणाले. "आणि यावर अचानक वळण्याचा ताण आला तर?"

"तुटतो," ती म्हणाली.

"नेहमीच नाही. कधी नुसता ताणला जातो."

"नाय सर. तुटतो. टक करून आवाज येतो. चौथा घटक हाय." मग माझ्याकडे बघून, जराही आवाज न चढवता, "माझा तुटला."

परीक्षक गडबडले, "अरेरे" म्हणाले, आणि खाली मान घालून गुण लिहू लागले. मी त्यांनी लिहिलेल्या आकड्याखाली सही केली. ती उठून बाहेर गेली. दार नीट लागलं नव्हतं. व्हरांड्यात मैत्रीण उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"असा शब्द तोंडान काढतात का गो?" ती घाबरून म्हणाली. "वाढला म्हणायचा ना."

"ऱ्हाऊ दे," ही म्हणाली. "आता वाढायचं ऱ्हायलंय काय?"

या वेळी मला अर्थ दुसऱ्या कुणी सांगावा लागला नाही.